वर्गणीची परवानगी : अर्जापासून हिशोबापर्यंत

पावतीपुस्तकं छापून येतात, दोन गल्ल्या फिरून होतात आणि मग चौथ्या मजल्यावरचे काका विचारतात, “परवानगी काढलीय का?” कार्यकर्ता छातीठोकपणे मोबाइलमधला मंडपाचा परवाना दाखवतो. परवाना खरा असतो, पण काकांनी विचारलेला तो नव्हे.

रस्त्यावर मांडव घालायची परवानगी महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत देते. मिरवणूक आणि ध्वनिक्षेपक पोलिसांकडे. लोकांच्या दारात जाऊन धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी पैसे मागायची परवानगी मात्र धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून मिळते, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली. बोलताना सगळे ‘फॉर्टीवन सी’ म्हणतात. जुन्या फायलींत याच कायद्याचं नाव ‘मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम’ असं दिसेल. कायदा तोच, नाव बदललं आहे.

ही परवानगी न घेता वर्गणी गोळा केली तर कलम ६६ क लागू होतं. तीन महिन्यांपर्यंत कैद आणि जमा केलेल्या रकमेच्या दीडपट दंड. म्हणजे ८० हजार गोळा केले तर १ लाख २० हजारांचा दंड होऊ शकतो. मंडळाच्या खात्यात तेवढे पैसे नसतातच. भरायची वेळ आली की पावतीवर ज्यांच्या सह्या आहेत त्यांच्याकडेच बोट जातं.

तरीही सांगायचं ते हे, की परवानगी काढणं हा यातला सोपा भाग आहे. मंडळं अडकतात ती दुसऱ्या वर्षी, कारण अर्जासोबत मागच्या वर्षीचा हिशोब मागतात आणि तो कुणाकडे नसतो. म्हणून अर्ज आणि पावतीपुस्तक या दोन गोष्टींचा विचार एकदमच करा.

कोणाला लागते, कोणाला नाही

मंडळ किंवा संस्था याच कायद्याखाली सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून कायमची नोंदलेली असेल तर ४१ क चा परवाना लागत नाही. पावतीवर नोंदणी क्रमांक छापायचा आणि दरवर्षीचं ऑडिट वेळेत भरायचं. पण नोंदणी ज्या नावाची, पावती त्याच नावाची हवी. मूळ न्यास वेगळा, उत्सव भरवणारं ‘युवक मंडळ’ वेगळं आणि पावतीवर क्रमांक मात्र न्यासाचा, हा प्रकार सर्रास चालतो आणि तक्रार झाली की अंगाशी येतो. युवक मंडळाचे पैसे न्यासाच्या खात्यात येणार नसतील आणि त्याच्या ऑडिटमध्ये दिसणार नसतील, तर युवक मंडळाने स्वतःचा परवाना काढायचा.

बाकी सगळ्यांना लागते. गणेशोत्सव, नवरात्र, दहीहंडी, जयंती, भंडारा, मंदिराचा जीर्णोद्धार, पूरग्रस्तांसाठी मदतफेरी, सगळं यात आलं. पैसेच घेतले पाहिजेत असंही नाही. तांदळाची पोती, नारळ, चांदीचा मोदक, मंडपाचे बांबू या वस्तुरूप देणग्याही याच कलमात मोडतात.

एखाद्या रुग्णाच्या उपचारांसाठी फेरी काढायचा विचार असेल तर आधी एक फेरी रुग्णालयातच मारा. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना याच कायद्याच्या कलम ४१ कक खालच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. तिथे काम झालं तर पावतीपुस्तक छापायची गरजच उरत नाही.

ठराव आधी, अर्ज नंतर

पहिला कागद म्हणजे मंडळाच्या सभेचा ठराव. तो इतिवृत्ताच्या वहीत हाताने लिहा, हजर सदस्यांच्या सह्या घ्या आणि त्या पानाची प्रत जोडा. संगणकावर टाइप करून खाली दोघांनीच सह्या केलेला कागद पटकन परत येतो, कारण विचारणा सर्व सदस्यांच्या ठरावाची असते. मजकूर असा चालतो :

“आज दि. … रोजी सायं. … वाजता मंडळाची सभा … येथे श्री. … यांच्या अध्यक्षतेखाली झाली. सन … चा सार्वजनिक गणेशोत्सव … या ठिकाणी दि. … ते दि. … या काळात साजरा करण्याचे ठरले. त्यासाठी कलम ४१ क अन्वये वर्गणी गोळा करण्याची परवानगी घ्यावी, अर्जावर सही करण्याचे अधिकार अध्यक्ष श्री. … व खजिनदार श्री. … यांना द्यावेत, आणि जमा रकमेचा हिशोब मुदतीत सादर करण्याची जबाबदारी खजिनदार यांच्यावर राहील, असे सर्वानुमते ठरले. सूचक : … अनुमोदक : …”

शेवटच्या वाक्याचा उपयोग मंडळालाच आहे. हिशोब कोण देणार हे त्यात लिहिलेलं असलं की डिसेंबरात “मी समजलो, तू दिलास” असं होत नाही.

मंडळ गणपती आणि नवरात्र दोन्ही करत असेल तर दोन्हीचा उल्लेख ठरावात आणि अर्जात करा. परवाना सहा महिन्यांचा असतो आणि त्यावर वर्गणीचं कारण लिहिलेलं असतं. ‘गणेशोत्सव’ लिहिलेल्या परवान्यावर घटस्थापनेची वर्गणी मागता येत नाही.

बाकीचे कागद

जागामालकाचं ना हरकत पत्र हवं. जागा खासगी असेल तर मालकाच्या सहीचं पत्र, सोसायटीच्या आवारात असेल तर सचिव किंवा अध्यक्षांच्या सहीशिक्क्याचं, आणि जागा मंडळाची स्वतःची असेल तर कर भरल्याची पावती. रस्त्यावर बसणाऱ्या मंडळांची इथे तारांबळ होते, कारण रस्त्याला मालक म्हणून सही करणारा कोणी नसतो. मागच्या वर्षीची पालिकेची मंडप परवानगी हाताशी ठेवा आणि यंदा काय जोडायचं ते कार्यालयात आधीच विचारून घ्या. पत्रावर जागेचा पूर्ण पत्ता हवा. “चौकात” एवढ्याने भागत नाही. सर्व्हे नंबर, घर क्रमांक किंवा निदान “अमुक इमारतीसमोरील मोकळी जागा” असं लिहा, आणि हाच पत्ता ठरावात व अर्जात अक्षरशः सारखा ठेवा.

नगरसेवकाचं किंवा सरपंचाचं शिफारसपत्र लागतं. पत्र लेटरहेडवर, चालू तारखेचं आणि मंडळाचं नाव बरोबर लिहिलेलं असावं. मागच्या वर्षीच्या पत्रावर तारीख खोडून नवी घातलेली प्रत ओळखायला कार्यालयाला दहा सेकंद लागतात. पालिकेवर प्रशासक असेल आणि नगरसेवकच नसतील तर कोणाचं पत्र चालेल याची चौकशी अर्ज भरण्याआधी करा, नंतर नव्हे.

पदाधिकारी आणि सदस्यांची ओळखपत्रं. आधार दिलं तर चारही कोपरे दिसतील असं स्कॅन करा. आधारवर “राजेंद्र”, ठरावात “राजू” आणि अर्जात “आर. के.” अशी तिहेरी नावं असली की कागद परत येणार हे धरून चाला.

जुन्या मंडळाला मागच्या वर्षीच्या परवान्याची प्रत आणि जमाखर्च जोडावा लागतो. खर्च ५ हजार रुपयांच्या वर असेल तर लेखापरीक्षकाचा अहवाल. आजच्या भावात ५ हजारांत मूर्तीही येत नाही, त्यामुळे हा अहवाल जवळजवळ सगळ्यांनाच लागतो. जुलैत सीए आयकराच्या कामात बुडालेले असतात. त्यांच्याकडे मे-जूनमध्येच जा.

मंडळ यंदाच सुरू होतंय तर मागचा हिशोब नसणारच. अर्जात आणि ठरावात “प्रथमच” हा शब्द लिहा. दहा वर्षं वर्गणी गोळा करून आता “प्रथमच” लिहिण्याचा मोह मात्र आवरा. मंडळाच्या जुन्या अहवालांची, कमानींची आणि मिरवणुकीची छायाचित्रं सगळीकडे पसरलेली असतात आणि तक्रार करणारा शेजारचाच असतो. त्यापेक्षा कार्यालयात जाऊन आजवर परवाना घेतला नव्हता हे सरळ सांगितलेलं परवडतं.

अर्ज कुठे आणि कसा

अर्ज ऑनलाइन आहे, धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या संकेतस्थळावर (चॅरिटी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन). राज्याचं मुख्य कार्यालय मुंबईत वरळीला, पण तुमचा अर्ज तुमच्या जिल्ह्याच्या कार्यालयाकडे जातो. जिल्हा निवडताना मंडळाचा पत्ता ज्या जिल्ह्यात आहे तो निवडा, अध्यक्ष राहतो तो नव्हे. पनवेलचं मंडळ आणि अध्यक्ष मुलुंडचा, तर अर्ज रायगडचा.

आधी मोबाइल आणि ईमेल देऊन खातं उघडावं लागतं. इथे हमखास एक चूक होते. सायबर कॅफेवाला स्वतःचाच ईमेल टाकून मोकळा होतो. त्रुटीचा निरोप त्याच्याकडे जातो, त्याच्याकडे अशी पन्नास मंडळं असतात आणि तुम्ही आठवडाभर “अजून काहीच आलं नाही” म्हणत बसता. मंडळाचा वेगळा ईमेल काढा, त्याचा पासवर्ड इतिवृत्ताच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि खातं त्यावरच उघडा. पुढच्या वर्षी पदाधिकारी बदलले तरी खातं तेच राहतं.

अर्जात मंडळाचं नाव, पत्ता, वर्गणीचं कारण, काळ, पदाधिकाऱ्यांची माहिती भरायची आणि कागद चढवायचे. प्रत्येक कागदाची स्वतंत्र पीडीएफ करा आणि फाइलला नाव द्या : ठराव, ना हरकत, शिफारस, ओळखपत्रे, हिशोब. मोबाइलने तिरका फोटो काढून चढवला की शिक्का वाचता येत नाही आणि अर्ज त्रुटीत जातो. अर्ज दाखल झाल्यावर येणारा क्रमांक लिहून ठेवा. पुढची सगळी विचारपूस त्या क्रमांकावरच होते.

त्रुटी आली की नवा अर्ज भरू नका. त्याच अर्जात दुरुस्ती करा. एकाच मंडळाचे दोन अर्ज दिसले की दोन्ही बाजूला ठेवले जातात आणि मग प्रत्यक्ष जाऊन कोणता खरा ते सांगत बसावं लागतं.

उत्सवाच्या आठ दिवस आधी सगळ्या जिल्ह्याचे अर्ज एकदम येतात. वर्गणीला निघायच्या तारखेआधी निदान महिनाभर अर्ज गेलेला असावा. पण फार आधीही नको. सहा महिन्यांची मुदत मार्चमध्ये सुरू झाली तर ऐन उत्सवात संपेल. परवाना मिळाल्यावर त्यावरची ‘पासून–पर्यंत’ तारीख, मंडळाचं नाव आणि कारण ही तीन ठिकाणं तिथल्या तिथे वाचा. नावात चूक असेल तर पावतीपुस्तक छापायच्या आत दुरुस्त करून घ्या.

पावतीपुस्तक

परवाना हातात आल्याशिवाय पुस्तकं छापायला टाकू नका, कारण परवाना क्रमांक आणि तारीख पावतीवर हवी. आधीच छापून ठेवलेल्या पुस्तकांवर रबरी शिक्का मारून भागवता येतं, पण शिक्का स्थळप्रतीवर, म्हणजे पुस्तकात राहणाऱ्या प्रतीवरही मारावा लागतो. शंभर पावत्यांच्या दहा पुस्तकांचे दोन हजार शिक्के होतात. मुलं तिसऱ्या पुस्तकानंतर कंटाळतात.

पन्नास पानांची, कार्बनलेस दुहेरी प्रतीची पुस्तकं घ्या. शंभरची पुस्तकं स्वस्त पडतात, पण एक हरवलं तर शंभर पावत्यांचा प्रश्न उभा राहतो. क्रमांक छापील आणि सलग हवेत : पहिलं पुस्तक १ ते ५०, दुसरं ५१ ते १००. प्रत्येक पुस्तकात पुन्हा १ पासून सुरुवात केली की एकाच क्रमांकाच्या दहा पावत्या गावात फिरतात आणि हिशोब कधीच जुळत नाही. छापखान्याला क्रमांकाचं लेखी सांगा आणि बिलावर “पुस्तके १ ते १०, पावती क्र. १ ते ५००” असं लिहून घ्या. ऑडिटच्या वेळी हे बिल म्हणजे किती पावत्या अस्तित्वात आहेत याचा पुरावा असतो.

पावतीवर मंडळाचं नाव परवान्यावर आहे तसंच, पत्ता, परवाना क्रमांक, तारीख आणि मुदत, वर्गणीचं कारण, देणगीदाराचं नाव, रक्कम आकड्यात आणि अक्षरी, रोख की ऑनलाइन, घेणाऱ्याची सही. तळाला “वर्गणी ऐच्छिक आहे” हे छापा. ‘ट्रस्ट’, ‘नोंदणीकृत’ किंवा ‘रजि.’ हे शब्द परवान्यावरच्या मंडळाने छापू नयेत. ४१ क चा परवाना ही तात्पुरती परवानगी आहे, नोंदणी नव्हे. “आयकरात सूट” तर अजिबात नको. देणगीदाराला आयकरात मिळणारी ‘ऐंशी जी’ची सवलत आयकर खात्याची वेगळी मान्यता असलेल्या संस्थेच्या देणगीलाच मिळते, आणि तिथेही २ हजारांवरची रोख देणगी चालत नाही. दुकानदार “ऐंशी जी आहे का” विचारतात. “नाही” म्हणायचं.

पुस्तकं वाटताना वही ठेवा : पुस्तक क्रमांक, कोणाकडे दिलं, तारीख, सही, आणि परत आलं ती तारीख. एका माणसाकडे एका वेळी एकच पुस्तक. ते संपून हिशोब झाल्यावर दुसरं.

पावती चुकली तर फाडून फेकू नका. दोन्ही प्रतींवर आडवी रेघ मारून “रद्द” लिहा, सही करा आणि मूळ प्रत पुस्तकातच स्टेपल करा. मूळ प्रत गायब आणि स्थळप्रतीवर “रद्द” असेल, तर ती पावती देऊन पैसे खिशात घातले असं कोणीही म्हणू शकतो, आणि तुमच्याकडे उत्तर नसतं.

दारात उभं राहताना

दोघांनी जावं. एकजण पावती लिहितो, दुसरा पैसे घेतो. पाच-सात जणांचं टोळकं दारात उभं राहिलं की मागायच्या आधीच बळजबरी दिसते, आणि घरात एकटी बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर ते घाबरूनच पैसे देतं. गळ्यात मंडळाचं ओळखपत्र आणि हातात परवान्याची छापील प्रत असावी. मोबाइलमधली दाखवायला तीन मिनिटं स्क्रोल करावं लागतं. संध्याकाळी सहा ते साडेआठ ही वेळ बरी. दुपारी लोक झोपलेले असतात, नऊनंतर जेवायला बसलेले.

सोसायटीत शिरण्याआधी कमिटीला कळवा. चाळीत सगळे ओळखीचे असतात, टॉवरमध्ये सुरक्षारक्षकाची नोंदवही असते. तुमचा वर्गणीचा परवाना म्हणजे इमारतीत शिरायची परवानगी नव्हे. कमिटी “खाली टेबल टाका” म्हणाली तर आनंदाने टाका. रविवारी सकाळच्या दोन तासांत सहा मजले चढण्यापेक्षा जास्त वर्गणी जमते.

रक्कम सांगायची नाही. “यंदा पाचशे एक ठरलेत” हे वाक्य कितीही हसत म्हटलं तरी ती ऐच्छिक वर्गणी राहत नाही. फूल ना फुलाची पाकळी, जे देतील त्याची पावती. दुकानदाराला दम दिला, माल उचलला, ट्रक अडवला, तर तो विषय धर्मादाय कार्यालयाचा उरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली ती खंडणी होते, परवाना खिशात असला तरी. आणि फलकावर देणगीदारांची नावं लावायची असतील तर रकमा लावू नका. ५१ रुपये देणाऱ्या आजी पुढच्या वर्षी दारच उघडत नाहीत.

रोजचा मेळ

रात्री फेरी संपली की त्याच रात्री मेळ घालायचा, दुसऱ्या दिवशी नाही. समजा पाचव्या पुस्तकातल्या २०१ ते २३८ या पावत्या फाटल्या. ३८ पावत्या, त्यातली २१९ रद्द, राहिल्या ३७. यातल्या ११ ऑनलाइन, २६ रोख. रोख पावत्या अशा :

१०१ रुपयांच्या १२ : १,२१२
२५१ रुपयांच्या ८ : २,००८
५०१ रुपयांच्या ५ : २,५०५
५१ रुपयांची १ : ५१
एकूण रोख ५,७७६

आता पिशवी मोजा. ५०० च्या ६ (३,०००), २०० च्या ५ (१,०००), १०० च्या १६ (१,६००), ५० च्या ३ (१५०), आणि एकेक रुपयाची २६ नाणी. ५,७७६. आपल्याकडे वर्गणी एकावर संपते, त्यामुळे सुटे रुपये आणि रोख पावत्यांची संख्या जुळायला हवी. पुष्कळदा कोणी “रुपया राहू दे” म्हणतं आणि पावती मात्र १०१ ची लिहिली जाते. शंभर घेतले तर पावती शंभरचीच लिहा. रुपयाचा घोळ किरकोळ वाटतो, पण मेळ न जुळण्याची सवय तिथूनच लागते.

ऑनलाइन ११ पावत्या : २५१ च्या ५, ५०१ च्या ४, १०१ च्या २, मिळून ३,४६१. हे बँकेच्या खात्यातल्या नोंदींशी ताडून बघायचं, देणाऱ्याने दाखवलेल्या स्क्रीनशी नव्हे. दिवसाची एकूण जमा ९,२३७. वहीत ओळ लिहा, दोघांच्या सह्या घ्या, आणि रोख दुसऱ्या दिवशी बँकेत. जमलेल्या रोखीतूनच मूर्तिकाराला बयाणा देणं सगळ्यात मोहाचं आणि सगळ्यात घातक. जमा पूर्ण दिसली पाहिजे, खर्च नंतर.

क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच हवा. खजिनदाराचा स्वतःचा लावला तर स्कॅन करणाऱ्याला मंडळाऐवजी एका माणसाचं नाव दिसतं, त्याचा पगार आणि मंडळाची वर्गणी एकाच खात्यात मिसळते, आणि वर्षाअखेर वेगळी करता येत नाही. मंडळाच्या नावाचं खातं उघडायला बँक ठराव, पॅन आणि परवाना मागते. खातं दोघांच्या सहीने चालणारं ठेवा. खातं होईपर्यंत ऑनलाइन वर्गणी घेऊ नका.

परदेशातून पैसे येण्याची शक्यता असेल तर थोडं थांबा. दुबईत नोकरी करणारा गावचा मुलगा भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल तर अडचण नाही. त्याच गावातून गेलेला, पण आता अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला काका मात्र कायद्याने परदेशी स्रोत आहे, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी. २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी नसताना त्याच्याकडून वर्गणी घेता येत नाही, मग ती कितीही प्रेमाने दिलेली असो.

दानपेटीला दोन कुलपं, दोन वेगळ्या माणसांकडे किल्ल्या. उघडताना तिघं हजर, किती निघाले त्याचा कागद तिथेच लिहायचा आणि सह्या करायच्या. वस्तुरूप देणगीची पावती रक्कम न घालता “तांदूळ २५ किलो” अशी लिहा आणि वेगळ्या वहीत नोंद ठेवा. पूरग्रस्तांसाठी वस्तू गोळा करणार असाल तर काय घेणार याची यादी आधी जाहीर करा. नाहीतर घरोघरचे जुने कपडे येतात आणि ते पोचवण्याचा टेम्पोखर्च त्यांच्या किमतीहून जास्त होतो.

हिशोब

परवान्यावर अटी छापलेल्या असतात आणि हिशोब कधीपर्यंत द्यायचा ते त्यात असतं. ती तारीख इतिवृत्ताच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

जमेच्या बाजूला मागची शिल्लक, पावत्यांतून आलेली वर्गणी, दानपेटी, जाहिरात आणि कमानींचं उत्पन्न. खर्चाच्या बाजूला मूर्ती, मंडप, विद्युत रोषणाई, पूजा आणि प्रसाद, वाद्यपथक, छपाई, शासकीय शुल्क, सामाजिक उपक्रम. प्रत्येक खर्चाला कागद हवा. मंडपवाल्याचं बिल मिळतं, फुलवाली आणि हमाल बिल देत नाहीत. तिथे व्हाउचर लिहा : नाव, काम, रक्कम, तारीख, घेणाऱ्याची सही. रक्कम ५ हजारांच्या वर असेल तर घेणाऱ्याची सही एक रुपयाच्या महसुली तिकिटावर घ्या. “इतर खर्च” या नावाखाली मोठा आकडा ठेवला की लेखापरीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतो, आणि नेमकं तेच कोणाला आठवत नसतं.

शिल्लक राहिली तर ती वाटून घ्यायची नसते, की त्यावर मंडळाची सहलही काढायची नसते. खात्यात ठेवा, पुढच्या वर्षीच्या जमेत पहिली ओळ तिची. पूरग्रस्तांसारख्या एका कारणासाठी गोळा केलेली रक्कम त्याच कारणाला लागली पाहिजे. मुख्यमंत्री सहायता निधीत भरली तर त्याची पावती हिशोबाला जोडता येते, आणि हा मार्ग लहान मंडळांना खरंच सोयीचा आहे.

वर्षभर काम चालतं, वर्गणी लाखांत जाते, रक्तदान-शिष्यवृत्ती होतात, अशा मंडळाने दरवर्षी ४१ क च्या रांगेत उभं राहण्यापेक्षा कलम १८ खाली कायमची नोंदणी करावी. पण मग विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो आणि ऑडिट दरवर्षी. दरवर्षी निवडणुकीत भांडून नवे पदाधिकारी येतात आणि जुने वही देत नाहीत, अशी परिस्थिती असेल तर तात्पुरता परवानाच बरा.

हिशोब दाखल केल्याची पोच, लेखापरीक्षकाचा अहवाल, यंदाचा परवाना, वापरलेल्या पुस्तकांच्या स्थळप्रती आणि कोरी राहिलेली पुस्तकं हे सगळं एका पेटीत घाला. कोऱ्या पुस्तकांच्या प्रत्येक पावतीवर आडवी रेघ मारून “रद्द” लिहा, कारण त्यांच्यावर यंदाचा परवाना क्रमांक आहे आणि त्याची मुदत संपलेली असेल. पेटी मंडळाच्या कपाटात ठेवा, कोणाच्या घरच्या माळ्यावर नको. पुढच्या मे महिन्यात सीएकडे जाताना तीच उचलायची आहे.